लेक फोर्कवरील एक प्रातःकाळ

मासे धरण्याच्या सहलीस आम्ही गेलों होतों, एवढें वाक्य वाचूनच आमच्या कांहीं वाचकभगिनी पान उलटतील, अशी आम्हांस भीति वाटते. त्यांनीं क्षणभर धीर धरावा. आमच्या घरांत आजवर मासा शिजलेला नाहीं, आणि ह्या सहलीमुळेंही तो शिजलेला नाहीं. परंतु छत्तीस वर्षें मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या मनुष्यास सहासष्टाव्या वर्षीं एका माशाकडून धडा घ्यावा लागला, ही हकीकत आमच्याच वयाच्या व आमच्याच वळणाच्या मंडळींना सांगावी असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत, डॅलस शहराजवळ राहतात. गेल्या वसंतांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे होतों. परदेशांत म्हाताऱ्या माणसाचा दिवस फार लांब असतो. सुदैवानें तेथें आम्हांस दोन स्नेही लाभले. एक रावसाहेब. हे मूळचे नागपूरकडील, शिक्षणानें इंजिनियर. तरुणपणींच तिकडे गेले व तिकडेच पिकले. दुसरे त्यांचे शेजारी, एक अमेरिकन गृहस्थ. तीस वर्षें घरोघर पत्रें वाटून हे निवृत्त झाले. वास्तविक पोस्टमनच, परंतु रावसाहेबांनीं त्यांना परस्पर बढती देऊन ‘पोस्टमास्तर’ करून टाकलें होतें. आम्ही मास्तर, ते पोस्टमास्तर, अशी जोडी जमली.

ह्या पोस्टमास्तरांना मासे धरण्याचें वेड आहे. ‘बास’ नांवाचा एक मासा तिकडे आहे. त्याच्यामागें लक्षावधि माणसें पहांटे उठून तळीं धुंडाळीत असतात. रावसाहेबही त्यांतलेच. ते आम्हांस म्हणाले, “मास्तर, तुम्ही काठीला हात लावूं नका. नुसते बोटींत बसा आणि पाहा.”

“रावसाहेब, पाहणाऱ्यासही त्या पापाचा वांटा मिळतो,” आम्हीं म्हटलें.

“आणि तुमच्या संस्कृतांत मासे धरण्याचें शास्त्र नाहींच म्हणतां?”

येथें आमची बाजू लंगडी झाली. कारण तें आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसऱ्या सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत जो ‘मानसोल्लास’ नामक ग्रंथ रचिला, त्यांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून स्वतंत्र प्रकरणच आहे. कोणत्या जातीचा मासा कोठें असतो, त्यास कोणता चारा घालावा, काठी, दोरी व गळ कसा असावा, हें सारें त्या राजानें विस्तारानें सांगितलें आहे. मराठी पद्याचे अगदीं जुने नमुने ज्या ग्रंथांत सांपडतात, तोच हा ग्रंथ. पाठशाळेंत त्याचें नांव ऐकलें होतें. तें प्रकरण मात्र गुरुजींनीं वगळलें होतें आणि आम्हींही उघडून पाहिलें नव्हतें. आम्हीं हें कबूल केलें. रावसाहेब मोठ्यानें हंसले, आणि आमच्या अकरा वर्षांच्या नातवानें लगेच टाळी वाजवून “आजोबा येणार!” असें घरभर जाहीर केलें.

मार्च महिन्याच्या अखेरचा शनिवार होता. पहांटे पांचाच्या सुमारास आम्ही चौघे निघालों. आमच्या सौभाग्यवतींनीं तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचें लोणचें व चहाचा थर्मास बरोबर दिला, आणि “कशालाही हात लावूं नका” एवढी सूचना दिली. पोस्टमास्तरांच्या मोटारीमागें त्यांची बोट चाकांच्या गाड्यावर बसून येत होती. डॅलसपासून पूर्वेस दीड तासाची वाट. प्रथम सपाट माळ, मग हळूहळू ओक व पाइन यांची दाटी. उजाडूं लागलें तसें रस्त्याच्या कडेला निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलांचे घोसच्या घोस दिसूं लागले. हें झाड ‘रेडबड’. तें आपल्या कांचनाच्याच कुळांतलें आहे असें रावसाहेबांनीं सांगितलें, तेव्हां परदेशांत एखादा आप्त भेटावा तसें आम्हांस वाटलें.

लेक फोर्क हें सरोवर नैसर्गिक नव्हे. सबीन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर धरण घालून तें केलेलें आहे. धरण १९८० सालीं पुरें झालें. पाण्याचा विस्तार सुमारें २७,००० एकर. शहरांना पाणी पुरवावें हा मूळ हेतु. परंतु करणारांनीं एक दूरदृष्टि दाखविली. पाणी भरण्यापूर्वींच त्या खोऱ्यांतील शेततळ्यांत फ्लॉरिडाकडील मोठ्या वाढीचे बास मासे सोडून ठेवले, आणि बुडणाऱ्या क्षेत्रांतील पुष्कळशीं झाडें न तोडतां तशींच उभीं राहूं दिलीं. पाणी चढलें, झाडें मेलीं, आणि त्यांच्या मुळांखोडांच्या आश्रयानें मासे वाढले. टेक्ससमध्यें आजवर धरलेला सर्वांत मोठा बास ह्याच सरोवरांत १९९२ च्या जानेवारींत सांपडला. त्याचें वजन अठरा पौंडांहून थोडें अधिक भरलें.

आम्ही कांठाशीं पोंचलों तेव्हां सूर्योदय व्हावयाचा होता. पाण्यावर धुकें लोळत होतें. त्या धुक्यांतून शेंकडों मृत वृक्ष, पानें नाहींत, सालें नाहींत, असे करडे, निश्चल उभे होते. जणूं एखादें तपोवन पाण्यांत बुडालें आणि तपस्वी तसेच समाधींत राहिले. एक उंच निळसर बगळा एका खोडावर मान आंखडून बसला होता. आमच्या बोटीकडे त्यानें पाहिलेंही नाहीं. आम्हीं मनांतल्या मनांत गायत्री म्हटली. पोस्टमास्तरांनीं टोपी काढून हातांत धरली व कांहीं वेळ स्तब्ध राहिले. त्यांचें काय चाललें होतें तें आम्हीं विचारलें नाहीं; आमचें काय चाललें होतें तें त्यांनीं विचारलें नाहीं.

मोठें यंत्र बंद करून बोट आतां लहानशा विजेच्या यंत्रावर, जवळजवळ आवाज न करतां, वृक्षांमधून सरकूं लागली. पुढच्या टोंकास पोस्टमास्तर, मध्यें आम्ही व नातू, मागें रावसाहेब. बोटीवर एक कांचेचा पडदा होता. ध्वनीच्या लहरी पाण्यांत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून तळाचा उंचसखलपणा तो दाखवी. आमिष मात्र अगदीं साधें, मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ. ह्या गांडुळाची कथा गृहिणींना आवडण्याजोगी आहे. ओहायो संस्थानांतील ॲक्रन गांवीं क्रीम नांवाच्या एका जोडप्यानें १९४९ सालीं घरच्या चुलीवर मिश्रणें शिजवून शिजवून तो पहिल्यानें साधला, आणि पुढें त्यांनीं टेक्ससमधील टायलर येथें कारखाना काढला. टायलर ह्या सरोवरापासून फार लांब नाहीं. गळाचें टोंक ह्या गांडुळाच्या अंगांतच परत दडवून ठेवण्याची एक युक्ति आहे. तीस ‘टेक्सस’चेंच नांव मिळालेलें आहे. तिच्यामुळें गळ झाडाझुडपांत अडकत नाहीं. मासा ओढतो तेव्हांच टोंक बाहेर येतें.

पहिल्या तासांत पोस्टमास्तरांनीं चार व रावसाहेबांनीं दोन मासे काढले. बास हा दिसण्यांत देखणा मासा. पाठ हिरवट, पोट पांढुरकें, आणि दोहों कुशींवर डोक्यापासून शेंपटीपर्यंत एक काळा पट्टा. तोंड एवढें मोठें कीं जबड्याचा कोपरा डोळ्याच्याही मागें जातो. त्याच्या कुळाचें शास्त्रीय नांव ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे अल्पपक्ष. आम्हांस व्युत्पत्तीची खोड असल्यामुळें आम्हीं रावसाहेबांना विचारलें, “ह्याचा पर तर चांगला मोठा आहे, मग हें नांव कां?” त्याचा इतिहास गमतीचा निघाला. १८०२ सालीं लासेपेद ह्या फ्रेंच पंडितानें ज्या नमुन्यावरून हें नांव दिलें, त्या नमुन्याच्या पाठीवरील पर फाटलेला होता. फाटून सुटा झालेला तुकडा म्हणजे स्वतंत्र असा लहान पर, अशी त्याची समजूत झाली. एका फाटक्या नमुन्यावरून सबंध कुळाचें नांव पडलें, आणि तें दोनशें वर्षें तसेंच चाललें आहे! पंडितांच्या ह्या फजितीवर आम्ही मनापासून हंसलों. आपली पाळी जवळ आली आहे ह्याची तेव्हां आम्हांस कल्पना नव्हती.

धरलेल्या सहा माशांपैकीं चार पोस्टमास्तरांनीं परत पाण्यांत सोडले. दोन लहान मासे मात्र घरच्या स्वयंपाकासाठीं बोटींतील वाहत्या पाण्याच्या हौदांत ठेवले. ह्या सरोवराचा नियम असा आहे कीं, सोळा ते चोवीस इंच लांबीचा बास कोणीही घरीं नेऊं नये. वंश चालविणारे मासे तेच, म्हणून त्यांस अभय. पूर्वीं सगळेच मासे घरीं जात. १९३२ सालीं जॉर्जिया संस्थानांत एका तरुणानें बावीस पौंड चार औंसांचा बास धरला. तो विक्रम आजतागायत कोणीं स्पष्टपणें मोडलेला नाहीं. परंतु तो विक्रमी मासा त्याच्या घरच्या माणसांनीं शिजवून खाल्ला. गरिबीचे दिवस होते. पुढें शर्यती आल्या, आणि १९७२ सालापासून शर्यतींचा पुढारी रे स्कॉट यानें ‘धरा, पण मारूं नका’ हा प्रचार चालविला. आतां बहुतेक शौकीन मासा धरतात, पाहतात आणि सोडून देतात.

आमचें ब्राह्मणी मन ह्यावर स्वस्थ बसणें शक्यच नव्हतें. आम्हीं म्हटलें, “खावयाचा असेल तर धरणें आम्ही समजूं शकतों. सोडूनच द्यावयाचा, तर त्या बिचाऱ्याच्या ओंठांत गळ कां रुतवावा?”

रावसाहेबांनीं तें भाषांतर करून सांगितलें. पोस्टमास्तर रागावले नाहींत. “ह्या प्रश्नाला माझ्यापाशीं चांगलें उत्तर नाहीं,” ते म्हणाले. “पण ज्यांनीं मासा कधीं हातांत धरला नाहीं, त्यांनीं हें तळें राखण्यासाठीं कधीं एक पैसाही दिला नाहीं, हें मीं पाहिलें आहे. आमच्या परवान्यांच्या पैशांतून तें राखलें जातें.”

मग त्यांनीं विचारलें, “तुमच्या देशांत मासे सोडून देतात काय?” आम्हीं त्यांना महाडजवळच्या वाळणकोंडाची गोष्ट सांगितली. काळ नदीच्या त्या डोहांतील मासे देवीचे समजले जातात. त्यांना कोणी धरीत नाहीं. लोक कांठावर बसून त्यांस कुरमुरे घालतात, आणि हातहात लांबीचे ते मासे निर्भयपणें वर येतात. लहानपणीं वडिलांच्या बोटाला धरून आम्हींही ते घातले होते. पोस्टमास्तरांनीं पुन्हां टोपी काढली. आम्हांस धन्य वाटलें. खरें सांगावयाचें तर थोडा अभिमानही वाटला.

तो रावसाहेबांनीं उतरविला. ते म्हणाले, “मास्तर, सोडून देणें म्हणजेच दया, असेंही समजूं नका. हाच बास १९२५ सालीं अमेरिकेंतून जपानांत नेला. आतां तेथल्या बिवा सरोवरांत त्यानें मूळच्या माशांची दाणादाण उडविली आहे. २००९ सालीं त्या १९३२ च्या विक्रमाच्या बरोबरीचा मासा तेथेंच निघाला. आणि बिवामध्यें धरलेला बास परत पाण्यांत सोडण्यास २००३ पासून कायद्यानें बंदी आहे! येथें सोडणें हा धर्म, तेथें सोडणें हा अपराध. मासा तोच.”

ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं पुऱ्यांचा डबा उघडला. पोस्टमास्तरांनीं लोणच्याची फोड तोंडांत घातली, त्यांचे डोळे पाण्यानें भरले, आणि त्यांनीं आणखी एक मागून घेतली.

नऊ वाजून गेले होते. धुकें विरून ऊन चांगलें पडलें होतें. बोट एका लहानशा खाडींत शिरली. पाणी कमरेएवढें आणि स्वच्छ. पोस्टमास्तरांनीं आपला काळा चष्मा आमच्या डोळ्यांवर चढविला. त्यानें पाण्यावरची चकाकी नाहींशी होते व तळ दिसतो. त्यांनीं बोट दाखविलें तेथें, रांगोळीसाठीं सारवून ठेवावी तशी, दोन हात रुंदीची एक वाटोळी स्वच्छ जागा तळाशीं होती. सभोंवार गाळ व काटक्या. तेवढीच जागा झाडलेली. तिच्यावर मध्यम आकाराचा एक बास एकाच जागीं पर हालवीत तरंगत होता.

हें त्याचें घरटें. वसंतांत पाणी जरा उबदार झालें कीं नर शेंपटीनें तळ झाडून अशी जागा करतो. मादी येते, हजारों अंडीं घालते आणि निघून जाते. मग सारें नरावर. अंडीं फुटेपर्यंत तो त्यांच्यावर परांनीं पाणी वारीत राहतो, आणि पुढें पिलें हिंडूं फिरूं लागलीं तरी कांहीं दिवस त्यांच्याबरोबर असतो. ह्या काळांत तो फारसें खातही नाहीं. आसपास ‘ब्लूगिल’ नांवाचे चपटे लहान मासे टपलेलेच असतात.

पोस्टमास्तर म्हणत होते, “कायद्यानें मनाई नाहीं, पण घरट्यावर मी काठी टाकीत नाहीं.” रावसाहेब तें मराठींत सांगत होते. आम्ही ऐकत होतों. आणि आमच्या नातवानें, त्याला काय ऐकूं आलें असेल नसेल, एवढा मोठा मासा एवढा जवळ पाहून गांडूळ नेमका त्या वाटोळ्या जागेवर टाकला.

पुढचें सारें आम्हीं त्या चष्म्यांतून पाहिलें. गांडूळ अलगद घरट्यावर पडला. मासा मागें सरला, वळला, आणि त्यानें तो तोंडांत घेतला. गिळला नाहीं, तोंडांत धरून बाहेरच्या बाजूस निघाला. तेवढ्यांत मुलानें काठीला हिसका दिला.

पाणी फुटलें. मासा हातभर वर उसळला, डोकें झाडूं लागला. मुलगा हर्षानें ओरडत होता. पण आमची दृष्टि तळाकडे होती. ती झाडलेली जागा क्षणभर मोकळी दिसली. मग एक ब्लूगिल आला, मग तीन, मग आठदहा, आणि सर्वांनीं तोंडें खालीं केलीं.

मासा बोटीच्या कडेला, नेमका आमच्यासमोर आला. पोस्टमास्तर पुढें विजेचें यंत्र सांभाळीत होते; बोट सोडली असती तर ती घरट्यावरच जाती. रावसाहेब मागें, त्यांचीं बोटें संधिवातानें वळत नाहींत. मुलगा एवढ्या तडफडणाऱ्या जिवाला हात लावण्यास भ्याला. “टीचर,” पोस्टमास्तर ओरडले, “हात आधीं पाण्यांत भिजवा! आंगठा तोंडांत, खालचा जबडा धरा!”

सहासष्ट वर्षांत आम्हीं मासा शिवला नव्हता. विचार करण्यास वेळ असता तर त्याही वेळीं शिवला नसता. आम्हीं हात भिजविला, आंगठा त्या तोंडांत घातला व जबडा धरला. तो एकदम शांत झाला. गळ ओंठाच्या कडेलाच होता. त्याचा उलटा कांटा पोस्टमास्तरांनीं आधींच चेपून ठेवलेला असल्यामुळें एका वळशांत सुटला.

“आजोबा, थांबा ना! फोटो!” मुलगा म्हणाला.

“फोटो नाहीं,” आम्हीं म्हटलें, आणि हात पाण्यांत नेऊन सोडला.

तो क्षणभर आमच्या हाताशींच थांबला. मग सरळ, बाणासारखा, घरट्याकडे गेला. ब्लूगिल चौफेर उधळले. तो त्या जागेवर एक घिरटी घालून पूर्ववत् पर हालवीत उभा राहिला. किती अंडीं राहिलीं होतीं, हें त्यालाच ठाऊक.

बोट दूर नेल्यावर पोस्टमास्तर मुलाला म्हणाले, “तो भुकेला नव्हता, बाळ. पोरांच्या अंगावर आलेली वस्तु तो तोंडानें उचलून बाहेर टाकीत होता. त्याला हात नाहींत ना!” मुलगा रडूं लागला. त्यांनीं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तुला माहीत नव्हतें. आतां आहे.”

हें वाक्य मुलासाठीं होतें. परंतु लागलें तें आम्हांस.

वाचकांपैकीं अनेकांना ठाऊक असेल कीं, भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताचे चोवीस गुरु सांगितले आहेत. त्यांत मासा हा एक. जिभेच्या लोभानें तो गळ गिळतो व मरतो. म्हणून रसना जिंकावी, हा त्याचा उपदेश. नाथमहाराजांनीं तो मराठींत घरोघर पोंचविला. हा धडा आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें रंगवून सांगितला. अवधूताचें म्हणणें खोटें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें पाहिलेला मासा भुकेला असेल. परंतु आम्हीं एकही मासा न पाहतां, गळाला लागतो तो लोभानेंच, असें शेंकडों मुलांना ठासून सांगितलें. फाटक्या नमुन्यावरून नांव देणाऱ्या फ्रेंच पंडिताला आम्ही तासापूर्वीं हंसलों होतों. त्यानें निदान एक मासा तरी पाहिला होता.

आणि मग, परक्या देशांतील त्या खाडींत, आम्हांस एक मुलगा आठवला.

१९८७ सालची गोष्ट. आम्ही रायगडच्या पायथ्याकडील एका शाळेंत सातवीला मराठी शिकवीत होतों. वर्गांत एका भोयाचा मुलगा होता. पहांटे बापाबरोबर जाळें ओढून तो शाळेला येई. म्हणून उशीर होई, आणि कपड्यांना वास येई. तो शेवटच्या बांकावर एकटा बसे. त्याला तेथें बसा असें आम्हीं सांगितलें नव्हतें. त्याच्याशेजारीं बसा असेंही कोणाला कधीं सांगितलें नाहीं. ‘पहिला पाऊस’ हा निबंधाचा विषय होता. इतरांनीं मेघ, मयूर व मृद्गंध लिहिला. त्यानें वलगणीचें लिहिलें. पहिल्या पुराबरोबर मासे ओढ्यांतून उलट वर कसे चढतात, रात्रीं बत्त्या घेऊन लोक कसे धांवतात. आणि त्याचा बाप एका ओढ्याच्या तोंडाशीं त्या रात्रीं जाळें लावीत नाहीं, कारण त्या माशांच्या पोटांत गाभोळी असते. शेवटीं एक वाक्य होतें: मासा पोटासाठीं नाहीं चढत, पोरांसाठीं चढतो.

आम्हीं त्या वाक्याखालीं तांबडी रेघ मारली व ‘विषयांतर’ असा शेरा लिहिला. दहापैकीं तीन गुण दिले. एवढ्यावर थांबलों असतों तरी बरें होतें. गाभोळीचें तें वर्णन आम्हीं वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें, आणि वर्ग हंसला. पुढच्या वर्षीं तो मुलगा शाळेंत आला नाहीं. कां आला नाहीं, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

मासा न खाणें एवढ्यावरच आम्ही जन्मभर स्वतःस दयाळु समजत आलों. परंतु तें आम्हांस अगदीं सोपें होतें. घरांत जें शिजतच नाहीं, तें न खाण्यांत पुण्य कसलें? त्या भोयाचें पोट माशांवर होतें, आणि तरी वर्षांतून एका रात्रीं तो एका ओढ्याच्या तोंडावरून रिकाम्या हातानें परतत होता. पोस्टमास्तर दोन मासे तव्यासाठीं नेत होते, आणि घरट्यावर काठी टाकीत नव्हते. दया करावयाची तर आधीं ज्याच्यावर ती करावयाची त्याला ओळखावें लागतें, आणि ही ओळख त्या दोघांना होती. आम्हांस नव्हती.

दुपारच्या आधीं आम्ही कांठाला लागलों. परतीच्या वाटेवर मुलगा आमच्या मांडीवर डोकें ठेवून झोंपला. रावसाहेबांना आम्हीं ती निबंधाची हकीकत सांगितली. ते पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “मास्तर, त्या मुलाचें नांव आठवतें काय?” आठवत होतें. हजेरीपटावरील त्याचा अनुक्रमांकही आठवत होता. “मग देशीं गेल्यावर विचारा,” ते म्हणाले. “ओढा तर तेथेंच असेल.”

घरीं पोंचतांच सौभाग्यवतींनीं विचारलें, “हात तर नाहीं ना लावलांत कशाला?” आम्हीं सांगितलें, लावला. त्यांनीं कांहीं न बोलतां न्हाणीघरांत गरम पाणी काढून दिलें. स्नान झालें, संध्या झाली. बासचे दांत कानशीसारखे बारीक असतात. आंगठ्याची कातडी त्यांनीं खरवडली होती, आणि साबण लावूनही बोटांना रात्रीपर्यंत वास येत राहिला. जेवतांना नातवानें नाक जवळ आणून तो हुंगला व म्हणाला, “आजोबा, अजून येतो.”

“येऊं दे,” आम्हीं म्हटलें.

येत्या ज्येष्ठांत आम्ही परत जाणार आहों. पावसाच्या आधीं महाडकडे जाऊन यावयाचें ठरविलें आहे.